पुढे २५, मागे १५ मिमी खाली: रोज चालणाऱ्या पोलोचं सस्पेन्शन

४ नोव्हेंबर २०२३ : काही उघडण्याआधीची मापं

गाडी २०१५ ची फोक्सवॅगन पोलो, १.२ टीएसआय, चाकणला बनलेली. टायर १८५/६० आर१५. रोज पुण्यातलं ऑफिस, सुट्टीच्या दिवशी घाट, मे महिन्यात पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कोकण. स्प्रिंग आणि शॉकअप मूळचे, ऐंशी हजार किलोमीटरवर गेलेले. पुढच्या चाकावरची चार बोटं जागा कमी करायची आहे आणि वळणात गाडी कमी झुकायला हवी. या दोन गोष्टी एकाच स्प्रिंगने साधतात असा सर्रास समज आहे. तो महागात पडतो.

उंची जमिनीपासून मोजली नाही, कारण टायरची हवा दोन पौंड इकडेतिकडे झाली की आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर घेतलं. पुढे डावं ३८२, उजवं ३७९; मागे ३८० आणि ३७८ मिमी. ड्रायव्हर बसलेला, टाकी अर्धी. दोन्ही एक्सलच्या बरोबर मध्यावर, सायलेन्सरच्या जोडाखाली, जमिनीपासून १६३ मिमी.

वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. रिकामी गाडी पुढे ६९०, मागे ४३० किलो. ड्रायव्हर धरून आणि चाकं, ब्रेक, नकल (चाक ज्यावर बसतं तो ओतीव भाग) यांचं, म्हणजे स्प्रिंगवर न पेललेलं, न झुलणारं वजन वजा करून पुढच्या एका चाकावर साधारण ३३० किलो आणि मागच्या एका चाकावर १९५ किलो झुलतं वजन येतं. पुढचा सगळा हिशेब या दोन आकड्यांवर चालणार आहे, त्यामुळे काट्याची पावती फाईलला लावली.

५ नोव्हेंबर : स्ट्रटमध्ये (पुढचा शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग) किती जागा उरली आहे

गाडी किती खाली करायची हे फेंडरची फट ठरवत नाही. बंप स्टॉपला (चाल संपताना धक्का झेलणाऱ्या ठोकळ्याला) लागेपर्यंत शॉकअपच्या दांड्याला किती जागा उरते, ते ठरवतं. मोजायची युक्ती स्वस्त आहे. दांड्यावरचं धूळरबर वर सरकवायचं, दांड्यावर बारीक केबल टाय बांधून शॉकअपच्या तोंडावर टेकवायचा आणि गाडी फिरवून आणायची. टाय जितका वर सरकला, तितका दांडा आत गेला.

गाडी स्थिर उभी असताना शॉकअपचं तोंड ते बंप स्टॉपचं टोक: ४८ मिमी. बंप स्टॉप ६० मिमी लांब, बारीक छिद्रांच्या पॉलियुरेथेनचा, फार तर ३८ मिमी दबतो. म्हणजे वरच्या दिशेने एकूण चाल ८६ मिमी. सोसायटीच्या गतिरोधकावरून ताशी २० ला गेल्यावर टाय ७१ मिमीवर सापडला. मूळ उंचीवरही गाडी रोज २३ मिमी बंप स्टॉपमध्ये शिरते आहे. थकलेल्या शॉकअपचा यात वाटा आहे, पण सगळा नाही.

हीच गाडी मूळ शॉकअपवर ४० मिमी खाली घेतली तर ४८ पैकी ८ मिमी उरतात. मग प्रत्येक खड्ड्याला गाडी स्प्रिंगवर नाही, रबरावर चालते. लोक त्याला ‘कडक स्प्रिंग’ म्हणतात, पण स्प्रिंग बिचारी कामालाच लागलेली नसते.

११ नोव्हेंबर : गतिरोधकांचा हिशेब

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:९९ च्या १९८८ च्या आवृत्तीतला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १०० मिमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा आहे. पोलोचा व्हीलबेस २.४७ मीटर, म्हणजे मधोमध आली की चारही चाकं त्या उंचवट्यावरच असतात आणि पोटाखाली येतो फक्त ४५ मिमी फुगवटा. अशा गतिरोधकावर बरीच खाली केलेली गाडीही घासत नाही.

घासते ती गल्लीतल्या हौशी गतिरोधकावर. इथे मोजलेला १४० मिमी उंच आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद निघाला. त्याच्या अलीकडे पुढचं चाक, पलीकडे मागचं, आणि मध्ये पूर्ण १४० मिमी.

आता भरलेली गाडी. चार जास्तीची माणसं ६५ किलोची आणि ४४ किलो सामान धरलं तर पुढच्या चाकावर सुमारे ४१ आणि मागच्या चाकावर १११ किलो वाढतात. मूळ स्प्रिंगवर (चाकापाशी पुढे १८, मागे १७ न्यूटन प्रति मिमी) गाडी पुढे २२, मागे ६४ मिमी बसते. मध्यावर ४३. म्हणजे भरलेली मूळ गाडी १२० मिमीवर आहे आणि त्या गतिरोधकावर आजही घासते. सायलेन्सरच्या जोडावरच्या ताज्या ओरखड्यांची संगती इथे लागली.

पुढे २५ आणि मागे १५ मिमी खाली, पण स्प्रिंग चाकापाशी २३ आणि २१ न्यूटनची घेतली तर? रिकामी गाडी मध्यावर १४३. भरल्यावर बसणं पुढे १७, मागे ५२, मध्यावर साधारण ३५. राहिले १०८. रिकामी असताना २० मिमी गेले, भरल्यावर फक्त १२ गेले. कडक स्प्रिंग ओझ्याखाली कमी बसते, त्याचा हा फायदा.

मागचं गणित जास्त नाजूक आहे. लहान गाडीत माणसं आणि सामान मागच्या चाकांचं झुलतं वजन दीडपटीच्या वर नेतात. बंप स्टॉपपर्यंतची जागा चाकापाशी रिकाम्या गाडीत ७५ मिमी, मूळ स्प्रिंगवर भरल्यावर ११. मागे ३० मिमी खाली आणि स्प्रिंग मूळच्याच ताकदीची ठेवली तर हिशेब उणे १९ वर जातो, म्हणजे पाच जणांना घेऊन गाडी उभी असतानाच बंप स्टॉपवर बसलेली. २१ न्यूटन आणि १५ मिमीला ८ उरतात, मूळच्या जवळपास. मागे जास्त खाली घेतलेल्या गाड्या दिवाळीत कशामुळे आदळतात ते या एका ओळीत आहे.

इंजिनखाली बाहेरचं लोखंडी गार्ड असेल तर आणखी दीड-दोन सेंटीमीटर गेले. या गाडीला प्लास्टिकचंच कव्हर आहे, तेच ठेवायचं.

१८ नोव्हेंबर : स्प्रिंग, पर्याय तपासले

कापलेली स्प्रिंग: बाद. स्प्रिंगची ताकद वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. पाच कार्यरत वेढ्यांतला एक कापला की ताकद २५ टक्के वाढते, पण उंची आणि ताकद यांचं नातं आपल्या हातात राहत नाही. टोकाचा जो वेढा बैठकीत बसायला वळवलेला असतो तोच जातो. गॅसने कापलेल्या जागी पोलादाची उष्णता-प्रक्रिया बिघडते आणि तिथून तडा सुरू होतो.

कॉइलओव्हर (आट्यांवर फिरवून उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअप संच): उंची हवी तशी लावता येते हे खरं. पण उंची स्प्रिंगची बैठक फिरवून बदलते की खालचा ब्रॅकेट फिरवून, हे आधी पाहावं. पहिल्या प्रकारात खाली करताना दांड्याची आतली चाल खर्ची पडते. दुसऱ्यात चाल तशीच राहते आणि फक्त बांधा आखूड होतो. शिवाय कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत उघडे आटे एका मोसमात धरतात. चिखल धुऊन आट्यांना ग्रीस लावायची सवय नसेल तर पुढच्या वर्षी कॉलर हलणार नाही. रोजच्या गाडीला उंची एकदाच लावायची असते, त्यासाठी एवढा खटाटोप नको.

युरोपातल्या पोलोसाठीच्या तयार स्प्रिंग: यात सापळा आहे. डब्यावरचा ‘३० मिमी’ तिथल्या मूळ उंचीपासून असतो आणि भारतातली पोलो मुळातच उंच ठेवलेली आहे. शिवाय आयबाखसारखे उत्पादक एकाच गाडीला पुढच्या एक्सलच्या भारानुसार वेगवेगळे संच देतात. हलक्या पेट्रोल इंजिनाचा संच डिझेलला लावला की नाक जमिनीकडे. डब्यावरची घट वाचू नये. मोकळी लांबी, तारेची जाडी आणि भार वाचावा.

निवड: ऑर्डरप्रमाणे वळवून घेतलेली स्प्रिंग. मूळ पुढची काढून मोजली. तार १२.५ मिमी, वेढ्याचा सरासरी व्यास १३५, कार्यरत वेढे ५, मोकळी लांबी ३७२. सूत्राने ताकद १९.६ न्यूटन प्रति मिमी; स्ट्रट थोडा तिरका असल्याने चाकापाशी तीच १८ भरते. व्हर्नियर रंग खरवडून लावायचा, कारण ताकद जाडीच्या चौथ्या घातात जाते. १२ ऐवजी १२.५ म्हणजे जवळजवळ १८ टक्क्यांचा फरक. रंगाचा थर मोजला तर हिशेबच फसतो.

पुढच्या स्प्रिंगवर स्थिर भार ३३७० न्यूटन. मूळ स्प्रिंग १७२ मिमी दबून २०० लांबीला उभी राहते. नवी २५ न्यूटनची (चाकापाशी २३), त्याच भाराला १३५ दबेल. लांबी १७५ हवी तर मोकळी लांबी ३१०. गाडी २५ खाली, पण स्प्रिंग ६२ मिमी आखूड. ‘मूळपेक्षा २५ मिमी लहान करून द्या’ असं कारखान्याला सांगितलं असतं तर गाडी १२ मिमी वर गेली असती.

कागदावर दिलेला तपशील: सिलिकॉन-क्रोम स्प्रिंग पोलाद, तार १३, सरासरी व्यास १३५, कार्यरत वेढे ४.६, मोकळी लांबी ३१०, ३३७० न्यूटनला १७५ अधिक-उणे ३ मिमी, शॉट पीनिंग (बारीक छर्रे मारून पृष्ठभाग कणखर करणे), पावडर कोटिंग, आणि कोटिंगआधी स्प्रिंग पूर्ण मिटेपर्यंत दाबून सोडणे. हे शेवटचं लिहून घ्यावंच. ते केलं नाही तर स्प्रिंगचं बसणं कारखान्यात होत नाही, गाडीखाली होतं आणि दोन्ही बाजूंना सारखं होत नाही.

२ डिसेंबर : शॉकअप

पैसे इथे घालायचे. स्प्रिंगची ताकद २८ टक्के वाढली की झुलणं आवरायला शॉकअपची पकड सुमारे १३ टक्के वाढावी लागते. ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या शॉकअपकडे मूळचीच उरलेली नाही. जुन्या शॉकअपवर नवी स्प्रिंग टाकली तर गाडी घाटाच्या वळणात कमी झुकते आणि सरळ रस्त्यावर बोटीसारखी उचलते.

आखूड बांध्याचे घ्यायचे की मूळ लांबीचे, याचं उत्तर हिशेबातच आहे. चाक हवेत लटकलं की दांडा मूळ उंचीपासून ९० मिमी बाहेर येतो. २५ खाली केल्यावर ११५. नवी स्प्रिंग १३५ दबलेली, म्हणजे लटकल्यावरही २० मिमी दाब शिल्लक. स्प्रिंग बैठकीतून निसटत नाही, मूळ लांबीचा शॉकअप चालतो. हीच गाडी ४० मिमी खाली आणि २८ न्यूटनची असती तर स्प्रिंग १२० दबलेली, दांडा १३० बाहेर. स्प्रिंग १० मिमी सैल, चाक उतरलं की खडखडाट आणि बैठक चुकवून बसण्याचा धोका. तिथे बिलस्टाइनच्या बी८ सारखा आखूड शॉकअपच लागतो. बी६ मूळ लांबीचा असल्याने तिथे चालत नाही.

मोनोट्यूब (एकच नळी) की ट्विनट्यूब (नळीत नळी)? मोनोट्यूब तापल्यावरही पकड सोडत नाही. पण रोजची गाडी घाटात शर्यत लावत नाही आणि बाहेरच्या नळीला दगडाचा पोचा गेला की मोनोट्यूबचा पिस्टन तिथेच अडतो. मूळ लांबीचे, गॅस भरलेले, परतीच्या चालीत थोडे कडक ट्विनट्यूब घेतले. सोबत नवे टॉप माउंटिंग, त्यातलं बेअरिंग, बंप स्टॉप, धूळरबर, आणि एकदाच वापरायचे बोल्ट. जुनं माउंटिंग नव्या शॉकअपवर टाकणं ही खोटी काटकसर, पुन्हा सगळं उघडावं लागतं.

टायर आणि रिम तसेच. १८५/६० ची साइडवॉल १११ मिमी आहे. स्प्रिंग कडक करत असताना तीही कापायची नाही.

१६ डिसेंबर : कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आडकाठी करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारणा आणि विमा कंपनीला लेखी कळवणं, दोन्हीची पोच फाईलला. मूळ स्प्रिंग टाकून द्यायच्या नाहीत.

६ जानेवारी २०२४ : बसवणी

आलेल्या स्प्रिंग प्रेसवर भारकाटा ठेवून तपासल्या. ३३७० न्यूटनला पुढची एक १७६, दुसरी १७४. १७६ ची ड्रायव्हरच्या बाजूला, उजवीकडे.

पोलोत स्ट्रट नकलला दोन बोल्टांनी जोडलेला नसतो, नकलच्या चिरेत अडकवून आवळलेला असतो. क्लॅम्प बोल्ट काढल्यावर चीर फाकवायचं खास हत्यार घालून चतुर्थांश फिरवायचं. पहारीने फाकवली तर चीर कायमची उघडते आणि मग कितीही आवळा, शॉकअप खाली सरकतो. नवा शॉकअप चिरेत पार टेकेपर्यंत खाली, मागची जीभ चिरेच्या रेषेत. अर्धवट बसला तर त्या बाजूची उंची आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) दोन्ही फसतात.

ट्विनट्यूब बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडायचा, आतली हवा वर येते. दांडा पकडीने धरायचा नाही. चकाकीवर एक ओरखडा म्हणजे महिन्याभरात गळती. वरच्या नटला एअर गन नाही. दांडा आतल्या षटकोनी चावीने धरायचा आणि नट रिंग पान्याने.

बंप स्टॉप खाचेवर १५ मिमी कापला. २५ खाली केल्यावर फट २३ होते, कापल्यावर ३८. स्टॉप ४५ चा राहिला, दबतो साधारण २८. वरची एकूण चाल ६६ मिमी. त्याआधी स्प्रिंगशिवाय स्ट्रट लावून नकल जॅकने पूर्ण वर उचलला, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर चाकाच्या कमानीतल्या लायनरला लागत नाही हे पाहिलं. ही तपासणी न करता स्टॉप कापू नये, टायर चुरतो.

मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे, काम सोपं. दोन्ही बाजूंचे खालचे बोल्ट काढून बीम (मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) जॅकवर सावकाश उतरवायचा, ब्रेकच्या होजवर आणि हँडब्रेकच्या केबलवर ताण येत नाही हे बघत.

लोअर आर्म (पुढच्या चाकाला खालून धरणारा हात) आणि मागच्या बीमचे बुशचे (रबरी सांध्यांचे) बोल्ट सैलच ठेवले. गाडी चाकांवर उतरवून, चार फूट पुढे-मागे ढकलून मग मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळले. चाक लटकत असताना आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो, गाडी काही मिलिमीटर वर धरतो आणि वर्षात फाटतो. चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर.

७ जानेवारी

पुढे डावं ३५८, उजवं ३५५. मागे ३६६ आणि ३६३. घट पुढे २४, मागे १४-१५. आणखी मिलिमीटरभर बसेल.

स्टिअरिंग जागेवर फिरवताना डावीकडून ‘टंग’ असा आवाज. स्ट्रट उतरवला. स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीच्या पायरीपासून आठ-नऊ मिमी मागे राहिलं होतं. वळवताना स्प्रिंग दाबाने फिरून पायरीवर आदळत होती. टोक टेकवून पुन्हा बांधल्यावर शांत. असा आवाज आला की आधी हे पाहावं. बेअरिंगचा संशय नंतर.

१३ जानेवारी : अलाइनमेंट आणि हेडलाइट

कॅम्बर पुढे उणे ०°२५′ वरून उणे ०°५५′. इथे ते वेगळं जुळवता येत नाही. सबफ्रेम (लोअर आर्म ज्यावर बसतात ती चौकट) सैल करून डावं-उजवं समान करता येतं, तेवढंच. टो (वरून पाहता चाकांच्या तोंडांची आत-बाहेर दिशा) मात्र बाहेर गेला होता, एकूण ०°१८′. टायर आतून खातो तो मुख्यतः या टोमुळे, कॅम्बरला उगाच दोष मिळतो. एकूण ०°१०′ आत ठेवला, ६०० मिमीच्या चाकावर जेमतेम पावणेदोन मिमी.

२५ मिमीवर थांबण्याचं आणखी एक कारण इथेच. लोअर आर्म आता जवळपास आडवा आहे. त्याचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा वर गेलं की झुकण्याचं केंद्र (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा झपाट्याने खाली जातं आणि जास्त खाली केलेली गाडी वळणात उलट जास्त झुकू पाहते. मग ते झाकायला आणखी कडक स्प्रिंग, आणखी जाड अँटीरोल बार (झुकणं रोखणारा दांडा), आखूड लिंक रॉड. खर्चाची साखळी सुरू.

नाक मागच्यापेक्षा १० मिमी जास्त उतरलं, म्हणजे २.४७ मीटरमध्ये ०.४ टक्के. दहा मीटरवरच्या भिंतीवर प्रकाशाची रेघ ४ सेंमी खाली. रात्री घाटात हे जाणवतं. स्क्रूने परत १ टक्क्यावर आणली.

३ फेब्रुवारी

सोसायटीच्या त्याच गतिरोधकावर, त्याच वेगाने, केबल टाय ५४ मिमीवर. ६६ पैकी. आधी ८६ पैकी ७१ होता. म्हणजे आतली राखीव जागा १५ वरून १२ झाली, फरक नगण्य. हे काम नव्या शॉकअपचं आहे.

पुढच्या झुलण्याची वारंवारता हिशेबाने १.१८ वरून १.३३ हर्ट्झ, मागे रिकामी १.६५, भरलेली १.३२. पुढे १.५ च्या वर गेलं की लहान गाडीत मान हलायला लागते. द्रुतगती मार्गावर काँक्रीटच्या सांध्यांवर थोडी टकटक वाढली आहे. सांधे साडेचार मीटरवर धरले तर ताशी १०० ला सेकंदाला सहा ठोके. ते स्प्रिंगपेक्षा टायर आणि शॉकअपची बारीक चाल सोसते. पुढच्या टायरची हवा ३४ वरून ३२ पौंड केली, बरंच निवळलं.

वळणातलं झुकणं कमी झालंय, पण सगळ्यात जास्त फरक खंबाटकीच्या उतारावर ब्रेक मारताना नाक खाली जाण्यात.

६ जुलै : पावसातली तपासणी

उंची पुढे ३५७/३५४, मागे ३६५/३६३. मिलिमीटरभर बसली, पुढची दोन्ही बाजूंना सारखी. डाव्या धूळरबराचा खालचा पट्टा निसटून वर गेला होता. दांड्यावर चिखलाची रेघ, ओरखडा नाही. पुसून नवा क्लिप. मागच्या स्प्रिंगच्या खालच्या रबरी बैठकीत वाळू साचून पावडर कोटिंग एका जागी घासलं गेलं आहे. पाण्याने धुतलं, रंगाचा हात दिला. पाऊस संपल्यावर हे पुन्हा उघडून बघायचं, तेव्हाच टायरच्या आतल्या कडेची खोली मोजायची आणि टो तपासायचा.